कोकणात जुनी पिकअप घेताय? डिझेल घ्यायची की सीएनजी, असं ठरवा

जुनी पिकअप बघायला निघालं की पहिला प्रश्न हाच येतो, डिझेल घेऊ की सीएनजी, आणि ज्याला विचारावं तो पंपावरचा भाव सांगून मोकळा होतो. नुसत्या भावावर ठरवू नका. आपल्याकडे आधी बघायचं की माल कसला, वजन किती आणि गाडी घाट चढणार की किनाऱ्या-किनाऱ्यानेच फिरणार. हे पक्कं झालं की इंधन जवळजवळ आपोआप ठरतं, आणि मग उरतो तो गंजाचा प्रश्न, जो मला इंधनापेक्षा मोठा वाटतो.

घाटाचं आधी बोलू. रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणवरून कुंभार्लीने कराड, राजापूरवरून अणुस्कुरा, कणकवलीकडून फोंडा, सावंतवाडीवरून आंबोली, यातला कुठलाही घाट तुम्ही टनभराच्या वर माल घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा चढणार असाल तर सरळ डिझेल घ्या, जास्त विचार करू नका. टर्बो डिझेल कमी आरपीएमलाच ओढ देतं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी शांतपणे चढते. सीएनजीत इंजिनच्या सिलिंडरमध्ये गॅस हवेची जागा खातो त्यामुळे तेच इंजिन पेट्रोलवर जेवढी ताकद देतं त्यापेक्षा गॅसवर साधारण दहा टक्के कमी देतं, मग ड्रायव्हर खालचा गिअर टाकून इंजिन पिळतो, टेम्परेचर चढतं आणि वर्षभरात त्याचा हिशोब मेकॅनिककडे द्यावा लागतो. महिंद्रा बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल किंवा टाटा इंट्रा व्ही ३०, व्ही ५० चं दीड लिटरचं डिझेल या कामासाठीच आहे. चिरा, सिमेंट, वाळू, बर्फासकट मासळी असला जड माल असेल तरी डिझेलच.

पण सगळ्यांचा माल तसा नसतो ना. गावातल्या दुकानांना किराणा, पाण्याचे जार, बेकरीचा माल, भाजी, मंडपाचं सामान, म्हणजे वजन सहाशे किलोच्या आत आणि रोजची फेरी ठरलेली, तर सीएनजी उत्तम. मारुती सुपर कॅरी, टाटा एस सीएनजी, इंट्रा व्ही २० अशा गाड्या याला पुरतात, व्ही २० तर पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालते आणि कंपनी एक टन लोड सांगते. सुपर कॅरी २०१६ ला आली तेव्हा छोटं डिझेल इंजिन घेऊन आली होती, २०२० ला बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा, कडक नियम) लागू झाल्यावर ते डिझेल बंद झालं, त्यामुळे कोणी डिझेल सुपर कॅरी दाखवली तर ती त्याआधीच्या बीएस ४ च्या काळातली आहे हे लक्षात ठेवून भाव करा आणि पार्ट कुठे मिळतात ते आधी विचारा.

सीएनजी घ्यायचं ठरत असेल तर पंप नकाशावर बघून समाधान मानू नका. हायवेला पंप झालेत पण हायवे सोडून खाडीपट्ट्यात किंवा समुद्राकडे उतरलं की ते विरळ होत जातात, आणि बऱ्याच पंपांवर पाइपलाइन नसते, गॅस ट्रकवरच्या सिलिंडरमधून येतो. तो संपत आला की प्रेशर पडतं, प्रेशर पडलं की तुमची टाकी अर्धवट भरते आणि परत रांगेत उभं राहायची वेळ लवकर येते. म्हणून तुमची गाडी ज्या वेळेला भरायला जाणार त्याच वेळेला पंपावर जाऊन उभे राहा, रिक्षावाल्यांना आणि टेम्पोवाल्यांना विचारा काल गॅस होता का, किती वाजता संपला. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की त्याच पंपावर काय होतं तेही विचारा, कारण आंब्याचा आणि सणाचा धंदा नेमका तेव्हाच असतो. पेट्रोलची टाकी मदतीला असली तरी पेट्रोलवर रोज चालवून धंदा परवडत नाही.

आता हिशोब कसा करायचा ते सांगतो, आकडे तुमच्या पंपाचे घाला. समजा डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी भरलेली १२ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. सीएनजी ८५ रुपये किलो आणि १५ चं ॲव्हरेज, म्हणजे साधारण ५ रुपये ६७ पैसे. फरक किलोमीटरला १ रुपया ८३ पैसे. महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरलात तर साडेचार हजारांच्या वर वाचतात, पण महिन्याला सातशे-आठशेच किलोमीटर असेल तर तेराशे-चौदाशे रुपये, आणि त्यातून पंपापर्यंतची जादा फेरी आणि रांगेत गेलेला ड्रायव्हरचा वेळ वजा केला की हातात फार राहत नाही. दोन गाड्यांची तुलना करताना वजन सारखं धरा, रिकाम्या सीएनजीचं ॲव्हरेज आणि भरलेल्या डिझेलचं ॲव्हरेज असा हिशोब एजंट करून दाखवतात तो धरू नका.

डिझेलमध्ये पण वर्ष बघून घ्या. जुन्या मेकॅनिकल फ्यूएल पंपाच्या डिझेलला कुठलाही रस्त्याकडेचा मेकॅनिक हात लावतो. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन) आल्यापासून स्कॅनर लागतो आणि टाकीत पाणी किंवा भेसळ गेली की इंजेक्टर जातात. आंब्याच्या सीझनला पळून पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर उघडून काचेच्या ग्लासात काढून बघा, पाणी तळाला वेगळं बसतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलमध्ये बहुतेक ठिकाणी धूर गाळणारा डीपीएफ असतो, त्याला साफ व्हायला मधूनमधून लांब आणि गरम पळणं लागतं. जेटी ते मार्केट, मार्केट ते बर्फ फॅक्टरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ चोंदतो. तुमचं काम असंच असेल तर बीएस ६ डिझेल तुमच्यासाठी नाही, आणि कोणी डीपीएफ काढून टाकलेली गाडी दाखवली तर हात जोडा आणि निघा.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा, गरम असेल तर समजून जा. थंड डिझेलने पहिल्या-दुसऱ्या सेल्फला पकडलं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळत असेल किंवा इंजेक्टरचं काम असेल. आयडलवर ऑइलचं झाकण उघडा, दमादमाने धूर बाहेर फेकत असेल तर पिस्टन-रिंग गेल्यात. मग जवळच्या चढावर न्या, शक्यतो माल भरून, तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही असं झालं तर क्लच प्लेट संपली.

सीएनजीत सगळ्यात आधी सिलिंडरची प्लेट बघा. हायड्रो टेस्ट, म्हणजे सिलिंडरची पाण्याच्या प्रेशरने तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तारीख उलटून गेली असेल तर पंपवाला गॅस भरायला नाही म्हणू शकतो आणि त्याचं बरोबरच आहे, आत दोनशे बारचं प्रेशर असतं. सिलिंडर आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, खाऱ्या हवेत गंज तिथेच लपून बसतो. जॉइंटवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्हीकडे चालवा, नुसती गॅसवर चालवून दाखवत असतील तर गाडीतला पेट्रोलचा फ्यूएल पंप किंवा इंजेक्टर मेलेत असं धरून चला. गॅस कोरडा जळतो त्यामुळे जास्त पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, कॉम्प्रेशन तपासून घ्या. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं चढलेलं हवंच, नसेल तर इन्शुरन्स क्लेमला अडचण येते.

आता गंज. इथे वेळ घालवा, खरंच सांगतो. मासळीची गाडी असेल तर वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर गळलेलं असतं. वरून नवा रंग, नवं हूड, आतून हौद्याला नवा पत्रा, छान दिसते. खाली झोपा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर चासीला जिथे बसतात तिथे छोट्या हातोडीने हलकं ठोकत जा, चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी बद्द येतो आणि खपल्या पडतात. चासीच्या सी-चॅनेलच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, तिथे मिठाचा ओलसर चिखल चिकटलेला असतो आणि त्याच्याखाली पत्रा पातळ झालेला असतो. ताजं डांबरी अंडरकोटिंग दिसलं तर एका कोपऱ्यात खरवडून बघा, गंजावरच मारलंय का ते कळतं. ब्रेकचे लोखंडी पाइप फुगलेले, खवल्यासारखे झालेले असतील तर ते बदलल्याशिवाय घाट चढू नका, उतरू तर नकाच. चासीला वेल्डिंगचा जोड दिसला तर डिझेल असो की सीएनजी, मी तरी ती गाडी घेणार नाही. चिऱ्याच्या गाडीत गंज कमी सापडेल पण पाटे बसलेले आणि चासी वाकलेली सापडेल, सपाट जागेवर उभी करून मागून दोन्ही बाजूंची उंची मोजा.

चिपळूण, महाडकडची २०२१ च्या आधीची गाडी असेल तर जुलै २०२१ च्या पुरात होती का हे स्पष्ट विचारा. सीटखाली, फ्यूज बॉक्समध्ये, हेडलाइटच्या आत गाळाची बारीक रेघ राहते, कितीही धुतली तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, गाडी एमएच ०९ (कोल्हापूर) किंवा दुसऱ्या पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, त्यामुळे नऊ वर्षांची गाडी घेताना दरवर्षीच्या पासिंगचा खर्च भावात धरा. एकूण वजन तीन हजार किलोच्या वर असेल तर परमिट बघा. दहा वर्षांचं डिझेल बंद होतं म्हणून घाबरवणारे भेटतील, तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडे फिटनेस होतोय तोवर गाडी चालते.

आणि जमलं तर गाडी जून-जुलैमध्ये बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आंबाही संपलेला, गाड्या दारात उभ्या असतात, मालकाला घाई नसते आणि तुम्हाला खाली झोपून बघायला वेळ मिळतो. पाऊस पडत असताना सीएनजी सकाळी मिसिंग करते का, डिझेलच्या केबिनमध्ये पाणी येतं का, वायरिंग ओली झाल्यावर कुठला दिवा लागतो, हे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच कळत नाही.