शहरात मजल्यांवर कारखाना बांधताय? आधी या चुका टाळा

हल्ली जळगाव-धुळ्याचे बरेच जण विचारायला येतात की भाऊ, एमआयडीसीत रोज ये-जा करायला पोरं तयार नाहीत, गावातच तीन मजले बांधून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन), थ्रीडी प्रिंटर, छोटं प्लास्टिक मोल्डिंग टाकू का. जरूर टाका. सराफ बाजारात खाली दुकान अन् वर कारागीर हे आपण लहानपणापासून बघतोय. पण नकाशा काढतात शॉपिंग कॉम्प्लेक्सचा अन् मशीन नंतर कोंबतात, तिथंच सगळं फसतं.

पहिलं म्हणजे स्लॅब. घराला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा याच्या भारतीय मानकात, मशीनच्या जागेला हलक्या कामासाठी ५०० अन् जड कामासाठी १००० किलो सांगितलाय. १०० टनी मोल्डिंग मशीन म्हणजे साचा दाबून धरायची ताकद १०० टन, मशीनचं स्वतःचं वजन तीन-चार टनच, पण ते सगळं थोड्याशा पायांवर येतं, म्हणून मशीनचा ड्रॉइंग इंजिनियरच्या हातात स्लॅब डिझाइन करायच्या आधी पडला पाहिजे.

अन् वजन पेललं म्हणजे झालं असंही नाही. मी स्वतः एकदा पहिल्या मजल्यावर पॉवर प्रेस, म्हणजे ठोका मारून पत्रा कापणारं मशीन, बसवू दिला होता. तडा कुठंच नाही, पण शेजारच्या आजींनी घरात नेऊन खिडकीतला पाण्याचा पेला दाखवला, प्रत्येक ठोक्याला पाण्यावर वर्तुळं उठत होती. मला फार वाईट वाटलं. शेवटी प्रेस खाली आणला, बिल्डिंगच्या फाउंडेशनपासून गॅप ठेवून त्याचं सुटं फाउंडेशन केलं तेव्हा थांबलं. ठोकणारं मशीन खालीच ठेवा, वर असेंब्ली, प्रिंटिंग, तपासणी. कॉम्प्रेसरही गच्चीवर उघडा नको, रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ अन् रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे.

मग आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वर पत्रा असला की दुपारी दोनला सीएनसीचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) तापून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, अन् मालक म्हणतो मशीनच खराब निघालं. आधी पॅनलच्या पंख्याची जाळी काढून बघा, धूळ अन् कापसाचे तंतू मिळून नुसता नमदा झालेला असतो. जाळी साफ करूनही ट्रिप होत असेल तर दोष छताचा. धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा तो उगाच नाही, तसाच इन्सुलेशनचा थर द्या अन् उजेड उत्तरेकडून घ्या.

माल चढवण्याचा विचार तर लोक सगळ्यात शेवटी करतात. सिंगापूरला ट्रक रॅम्पने थेट वरच्या मजल्यावर जातो अशा कारखान्यांच्या इमारती आहेत, आपल्या दहा गुंठ्यात रॅम्प बसणार नाही, म्हणजे माल लिफ्टनेच जाणार, अन् ती पॅसेंजर लिफ्ट नको, भरलेलं पॅलेट ट्रॉलीसकट आत जाईल एवढी पाहिजे. दर मजल्याला एका भिंतीत मोठं शटर ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी मशीन बदलताना भिंत फोडावी लागते. आयशर ट्रक वळतो का हे बघायला गल्लीचं माप रविवारी सकाळी घेऊ नका, आठवडे बाजाराच्या दिवशी हातगाड्या लागलेल्या असताना घ्या.