एआयच्या मदतीने सॉफ्टवेअर प्रोजेक्ट आखताय? या चुका टाळा

गोव्यात पाळोळ्याला आठ खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. मालकाला बुकिंगची वही बंद करून ॲप हवं आहे, आणि ऑक्टोबरात सीझन सुरू व्हायच्या आत हवं आहे. पणजी, म्हापसा, मडगाव इथल्या छोट्या टीमकडे अशी कामं नेहमी येतात. क्लॉड कोड, कर्सर किंवा कोपायलट असं कोड लिहिणारं एआय साधन हाताशी असलं की दोन दिवसांत स्क्रीन दिसू लागतात आणि मालक खूश होतो. मग सप्टेंबर उलटतो तरी ॲप चालू होत नाही. आपण जे ठरवायचं ठेवलेलं असतं ते एआयने आपल्या अंदाजाने ठरवून टाकलेलं असतं, आणि ते निस्तरण्यातच दिवस जातात. हेच काम समोर ठेवून चुका पाहू.

कोड लवकर होतो म्हणून तारीखही लवकरची देणं

एआयकडे वेळापत्रक मागितलं तर तो लॉगिन, बुकिंग, पेमेंट, रिपोर्ट अशी कोडची कामं मांडून देतो. ज्यात नुसती वाट पाहावी लागते ती कामं त्यात बहुधा नसतात. ओटीपीचा एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या टेम्पलेटची नोंदणी लागते. पेमेंट गेटवे केवायसी, म्हणजे मालकाच्या कागदपत्रांची पडताळणी, पूर्ण झाल्याशिवाय खरे पैसे घेऊ देत नाही. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंगमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत, राहावे लागतात. त्यानंतर प्रॉडक्शनसाठी, म्हणजे ॲप सगळ्यांना खुलं करण्यासाठी, अर्ज करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची.

म्हणून तारीख उलटी मोजा. १ ऑक्टोबर हा शेवट धरला तर डीएलटी, केवायसी आणि प्ले खातं ही तीन कामं पहिल्याच दिवशी, कोडची एकही ओळ लिहिण्याआधी सुरू व्हायला हवीत. टेस्टर मोजून १२ घेऊ नका, १५-१६ जणांना सांगून ठेवा, कारण मध्येच कोणी बाहेर पडला आणि आकडा बाराच्या खाली गेला तर १४ दिवसांची सलगता तुटते. गोव्यात चवथीचे दिवस याच काळात येतात. त्या आठवड्यात मालक, टेस्टर, कागदपत्रं देणारा सीए यांपैकी कोणी भेटेल असं धरून चालू नका.

‘एआयमुळे काम निम्म्या वेळात होतं’ या भावनेवरही अंदाज बांधू नये. मेटर या संस्थेने २०२५ साली १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना २४६ कामं देऊन चाचणी घेतली. एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल असं त्यांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. तरीही काम संपल्यावर २० टक्के वाचला असंच त्यांचं मत होतं. ते लोक आपल्या ओळखीच्या, मोठ्या कोडवर काम करत होते आणि साधनं २०२५च्या सुरुवातीची होती, त्यामुळे तो आकडा आपल्या कामाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण वाटणं आणि घड्याळ यांत एवढी तफावत पडू शकते, हे लक्षात घ्या. आपल्या पहिल्या पाच कामांची वेळ लिहून ठेवा, तपासणी आणि दुरुस्तीसकट, आणि पुढचा अंदाज त्यावरून काढा.

‘बुकिंग ॲप बनव’ एवढंच सांगणं

बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. माहिती अपुरी असली की एआय सहसा थांबून विचारत नाही, सर्वसाधारण उत्तर भरून पुढे जातो. कोड चालतो, त्यामुळे चूक दिसत नाही. पाहुण्यांच्या बिलावरचा जीएसटी घ्या.

एआयला जुनी माहिती असेल तर तो १२ टक्के दर घालेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर इनपुट क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न घेता) ५ टक्के, आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के आहे. दर कोडमध्ये लिहिलेला असला की बदलाच्या वेळी शोधाशोध होते. तो वेगळ्या टेबलात हवा, ‘कधीपासून लागू’ या तारखेसह.

दुसरी चूक जास्त फसवी. ७,५०० ची मर्यादा एका खोलीच्या एका दिवसाला आहे, पूर्ण बिलाला नाही. ३,००० रुपयांची खोली तीन रात्री म्हणजे ९,०००. बरोबर हिशेबाने ५ टक्के म्हणजे ४५० कर, बिल ९,४५०. एआयने एकूण रकमेची तुलना ७,५००शी केली तर १८ टक्के लागतो, कर १,६२० होतो आणि बिल १०,६२०. एका रात्रीच्या बुकिंगवर चाचणी घेतली तर ही चूक कधीच सापडणार नाही.

तिसरी म्हणजे आयजीएसटी, आंतरराज्य व्यवहारावरचा कर. पाहुणा पुण्याचा म्हणजे दुसऱ्या राज्याचा, म्हणून एआय आयजीएसटी लावतो. पण मुक्कामाच्या सेवेत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे जिथे खोली आहे ते ठिकाण. गोव्यातलं गेस्टहाऊस गोव्यातल्या खोलीचं बिल करतं तेव्हा पाहुणा कुठलाही असो, सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) हेच लागतात, वरच्या उदाहरणात २२५ अधिक २२५. आणि मालकाची जीएसटी नोंदणीच नसेल तर त्याला बिलावर कर दाखवता येत नाही. हा प्रश्न एआयने विचारला नाही तरी मालकाला विचारलाच पाहिजे.

उपाय असा. पहिला प्रॉम्प्ट कोडसाठी देऊ नका. क्लॉड कोड किंवा कर्सरमध्ये कोडला हात न लावता फक्त आखणी करणारा प्लॅन मोड असतो, तो चालू करा आणि लिहा: ‘कोड लिहू नकोस. मला एका वेळी एक प्रश्न विचार. तू जे गृहीत धरतो आहेस त्याची यादी दे.’ ती यादी हे या टप्प्यावर हाती येणारं सगळ्यात मोलाचं पान. प्रत्येक गृहीतकासमोर मालकाचं किंवा सीएचं उत्तर लिहा आणि ती फाइल रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवतो तिथेच, ठेवा. चॅटमध्ये दिलेलं उत्तर पुढच्या आठवड्यात कुणालाच सापडत नाही.

तारीख आणि दुहेरी बुकिंग डेटाबेसवर न सोडणं

लक्षण: पाहुणा १५ डिसेंबरला येणार, यादीत १४ दिसतो. कारण: एआयने मुक्कामाची तारीख वेळेसकट साठवली. भारतातली १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत १४ तारखेचे १८:३०. त्यातून फक्त तारीख कापून घेतली की एक दिवस मागे जातो. चेक-इन आणि चेक-आउट हे रकाने निव्वळ ‘डेट’ प्रकारचे ठेवा.

लक्षण: एकाच खोलीची दोन बुकिंगं. कारण: कोड आधी विचारतो ‘खोली रिकामी आहे का’ आणि मग नोंद करतो. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही ‘रिकामी’ असंच उत्तर मिळतं. डेमोत एकच माणूस बटण दाबतो, म्हणून तिथे हे घडत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर बीट्री जिस्ट एक्स्टेन्शन घेऊन खोली क्रमांक आणि तारखांची रेंज यांवर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी डेटाबेसनेच नाकारण्याचा नियम) लावा. रेंजमध्ये येण्याची तारीख धरायची, जाण्याची धरायची नाही. म्हणजे एक पाहुणा सकाळी गेला की दुसऱ्याला त्याच दिवशी खोली देता येते. रद्द झालेली बुकिंगं कन्स्ट्रेंटच्या अटीतून वगळायला विसरू नका. मग तपासा: एकाच खोलीसाठी, एकाच तारखांच्या २० विनंत्या एकदम पाठवा. एक यशस्वी आणि १९ नापास, एवढाच निकाल मान्य.

एका घासात सगळं करून घेणं

एका वेळी पूर्ण मॉड्यूल मागितलं तर हजारभर ओळींचा बदल येतो आणि तो कोणी नीट वाचत नाही. एक काम, एक ब्रांच (कोडची वेगळी प्रत), वाचून होईल एवढा बदल. दोन-तीनशे ओळी ही बरी मर्यादा. पहिलं काम लॉगिन नको. एक खोली, एक बुकिंग, एक बिल असं वरपासून खालपर्यंत जाणारं काम आधी घ्या, कारण चुकीची गृहीतकं त्यातच लवकर उघडी पडतात.

संभाषण लांबलं की सुरुवातीचे निर्णय एआयच्या हातून निसटतात. तारखांसाठी अचानक दुसरी लायब्ररी येते किंवा असलेलंच फंक्शन नव्या नावाने पुन्हा लिहिलं जातं. तेव्हा त्याच चॅटमध्ये वाद घालू नका. शेवटच्या चांगल्या कमिटवर (जतन केलेल्या टप्प्यावर) परत जा, नवं सेशन उघडा, काम आणखी लहान करा आणि आधी काय फसलं ते दोन ओळींत सांगा. कायमचे नियम एआय सुरुवातीला वाचतो त्या एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी फाइलमध्ये ठेवा, पण एखाद-दोन पानांतच.

टेस्टही एआयवरच सोपवणं

नापास होणारी टेस्ट पास करायला सांगितली की एआय कधी कधी कोडऐवजी टेस्टच बदलतो. अपेक्षित आकडे माणसाने कागदावर काढलेले हवेत. वरचे ९,४५० रुपये हा तसा आकडा. टेस्टच्या फोल्डरमध्ये झालेला बदल वेगळा पाहा आणि त्याचं कारण विचारा.

एआयने सुचवलेलं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) खरंच आहे का, किती जुनं आहे, कोण सांभाळतं, हेही इन्स्टॉल करण्याआधी रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजं जिथून मिळतात त्या साइटवर, पाहा. एआय अस्तित्वात नसलेली नावं सांगतो आणि अशा नावांनी कोणी घातक पॅकेज टाकून ठेवू शकतो.

नेटवर्क कायम असेल असं धरणं

पावसात वीज जाते, राउटर बंद पडतो, रिसेप्शनवरचा मोबाइल एका दांडीवर येतो. पैसे कापले गेले पण स्क्रीन अडकली, की माणूस पुन्हा बटण दाबतो. पेमेंट गेटवेचा वेबहुकही (पैसे आल्याचा आपोआप येणारा संदेश) एकाच व्यवहारासाठी दोनदा येऊ शकतो. पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट हवा, म्हणजे दुसरी नोंद होणारच नाही.

ऑफलाइन बुकिंगचा मोह मात्र टाळावा. फोन नेटवर्कबाहेर असताना डेटाबेसचा कन्स्ट्रेंट दुहेरी बुकिंग अडवू शकत नाही. आजच्या पाहुण्यांची यादी ऑफलाइन वाचता आली, एवढं आठ खोल्यांना पुरतं.

खरा डेटा एआयसमोर ठेवणं

पासपोर्ट, आधार, फोन नंबर असलेली एक्सेल फाइल ‘हे इम्पोर्ट कर’ म्हणून चॅटमध्ये टाकू नका. त्याच रकान्यांची बनावट २० माणसं तयार करा, त्यात डिसोझा, डि’सोझा, नाईक, नायक, पणजी आणि पंजिम हे सगळं घाला. शोध नीट चालतो का तेही त्यातच कळेल. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते, म्हणून पासपोर्टचे रकाने पहिल्या आवृत्तीतच हवेत.

प्रॉडक्शन डेटाबेसचा, म्हणजे खरी बुकिंगं असलेल्या डेटाबेसचा, पासवर्ड एआय चालतो त्या मशीनवर ठेवू नका, एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंग्ज ठेवायच्या फाइलमध्ये) सुद्धा नाही. डेटाबेसच्या रचनेतला प्रत्येक बदल मायग्रेशन फाइलमधून, म्हणजे तो बदल लिहून ठेवलेल्या फाइलमधून, जाऊ द्या आणि ती माणसाने वाचून चालवावी. सीझनआधी एकदा कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि आठही खोल्यांची पुढच्या महिन्याची बुकिंगं वहीशी ताडून पाहा.