नीलसृतीवरून पोलॅरिटॉनांची परस्परक्रिया कशी काढावी

इंदूरमध्ये माझ्याकडे अभ्यासाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने पोलॅरिटॉनांची परस्परक्रिया काढण्याचे सरावाचे गणित सोडवून आणले, तेव्हा तिचे उत्तर अपेक्षेच्या बरोबर दहापट होते. भागाकार अचूक होता, पण भाज्यच चुकीचा घेतला होता. ही चूक मीही पूर्वी केली आहे.

एक्सिटॉन-पोलॅरिटॉन म्हणजे दोन आरशांमधील सूक्ष्मपोकळीत कोंडलेला प्रकाश आणि क्वांटम विहिरीतील (अर्धवाहकाच्या अतिपातळ थरातील) एक्सिटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन व होल यांची बांधलेली जोडी, यांचे मिश्रण. १९९२ मध्ये वाइसबुख आणि सहकाऱ्यांनी ते प्रथम दाखवले. प्रकाशकण एकमेकांना जवळजवळ ओळखतही नाहीत. परस्परांना ढकलण्याचा गुण एक्सिटॉनच्या अंशातून येतो. म्हणून घनता वाढली की उत्सर्जनाची रेषा अधिक ऊर्जेकडे सरकते. हीच नीलसृती.

प्रथम अपेक्षित आकडा काढून ठेवावा. एक्सिटॉनांमधील परस्परक्रिया ढोबळमानाने बंधनऊर्जा आणि बोर त्रिज्येचा (एक्सिटॉनच्या आकाराच्या मापाचा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या सहापट असते. गॅलियम आर्सेनाइडसाठी १० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि १० नॅनोमीटर धरल्यास ६ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट गुणिले चौरस मायक्रॉन मिळतात. या संख्येला एक्सिटॉन अंशाच्या वर्गाने गुणून विहिरींच्या संख्येने भागावे. अंश निम्मा आणि विहिरी १२ असतील, तर उत्तर त्याच एककात ०.१२५ येते.

आता मापन. उत्सर्जित फोटॉनांचा दर, संकलनातील घट भरून काढून, पोलॅरिटॉनांच्या आयुष्याने गुणला की त्यांची संख्या मिळते. तिला ठिपक्याच्या क्षेत्रफळाने भागल्यावर घनता. गणितात घनता चौरस मायक्रॉनला ४०० आणि नीलसृती ५०० मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. सर्व कण एकाच स्पिनचे धरले, तर ४०० पोलॅरिटॉनांच्या वाट्याला फक्त ५० येतात. उरलेले ४५० पंपाने (नमुन्यावर टाकलेल्या लेझरने) निर्माण केलेल्या, अद्याप कंडेन्सेटमध्ये (एकाच अवस्थेत एकवटलेल्या पोलॅरिटॉनांत) न उतरलेल्या एक्सिटॉनांच्या साठ्याने ढकललेले असतात. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यापाशी आपल्याला बसणारे धक्के आपल्या टोळक्याचेच असतात असे नाही. येथेही तसेच आहे; सगळ्या ५०० ला ४०० ने भागल्यामुळेच विद्यार्थिनीचे उत्तर दहापट आले.

साठ्याचा हा वाटा वेगळा करण्यासाठी उंबरठ्याच्या (ज्या पंपशक्तीला कंडेन्सेट तयार होते तिच्या) अलीकडचा आणि पलीकडचा आलेख निरनिराळा वाचावा. उंबरठ्यापर्यंत सरकण्याचे श्रेय मुख्यतः साठ्याचे असते. पलीकडे साठा बराचसा स्थिरावतो, म्हणून घनतेबरोबरचा चढ तेथेच मोजावा. माझा अधिक विश्वास मात्र वलयाकार पंपावर आहे, कारण त्यात कंडेन्सेट मध्यभागी आणि साठा कडेला राहतो. स्पंदित पंप असल्यास काळही साथ देतो: साठा नॅनोसेकंदांच्या पल्ल्यात विरतो, तर पोलॅरिटॉन बहुतेक नमुन्यांत काही पिकोसेकंदांत.

तापलेला नमुना रेषेला उलट दिशेला, लाल बाजूला नेतो आणि खरी नीलसृती लपवतो. यासाठी पंप अखंड न देता मध्ये मध्ये थांबवत थोडा थोडा द्यावा.

शेवटी रिकाम्या, म्हणजे एक्सिटॉनांशी न जोडलेल्या, पोकळीच्या रेषेकडे पाहावे. घनता फार वाढली की एक्सिटॉन संपृक्त होतात, प्रकाशाशी त्यांची जोडणी ढिली पडते आणि पोलॅरिटॉनाची रेषा पोकळीच्या रेषेला जाऊन मिळते. तो साधा फोटॉन लेझर असल्याने त्यापुढचे बिंदू हिशेबात घेऊ नयेत. ध्रुवीकरणही नोंदवावे, कारण रेषीय ध्रुवीकरणात दोन्ही स्पिन निम्मे असतात आणि विरुद्ध स्पिनांमधील परस्परक्रिया क्षीण असल्याने तेवढ्याच घनतेला सरक सुमारे निम्मी येते.