फेटाळलेला दावा परत बोर्डावर आणला: माझा अनुभव

रावेर तालुक्यात आमची केळीची जमीन. बांधाच्या वादात नानांनी लावलेला दावा वकील तारखांना हजर न राहिल्याने फेटाळला गेला, आणि आम्हाला त्याने कळवलंही नाही. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केस नंबर टाकला तेव्हा 'निकाली' दिसलं.

सगळ्यात आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक तारखेच्या नोंदीची, नक्कल काढा. त्यात तारीखवार लिहिलेलं असतं: 'वादी व वकील गैरहजर, पुकारा केला.' पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

दावा फक्त वादीच्या गैरहजेरीत फेटाळला गेला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 9 खाली तोच दावा परत बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या सुनावणीच्या यादीवर, घेण्याचा अर्ज करता येतो. मुदत फेटाळल्यापासून 30 दिवस. आमची केव्हाच टळली होती, म्हणून मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्जही जोडला.

खरा जोर शपथपत्रावर लावला. नव्या वकीलताई म्हणाल्या, "नाना, 'वकिलाने फसवलं' एवढ्यावर भागत नाही. तुम्ही काय काय केलंत ते दाखवा." फीच्या पावत्या, वकिलाला केलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं तारखेसह लावलं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, हे सुप्रीम कोर्टाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात 1981 सालीच म्हटलंय. तोही आधार दिला. पण पक्षकार स्वतः झोपून राहिला असेल, तर तो आधार तोकडा पडतो.

समोरच्याला खर्च देण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाला. आता प्रत्येक तारीख आम्ही स्वतः अ‍ॅपवर बघतो.