लिनक्सचा आपला व्हेरियंट काढताय? नाव आणि ब्रँडिंग असं करा

शाळेच्या लॅबसाठी मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड घातलेली, नको ती पॅकेजं काढलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची डिस्क-फाइल) तुमच्याकडं तयार आहे आणि ती बूट होतेय, असं धरून चालतो. राहिलं नाव. इथं हमखास कोणतरी म्हणतंय, "ओपन सोर्स आहे, काय पण नाव ठेव की!" असल्यांचं ऐकू नका. लायसन्स कोड वापरायची मोकळीक देतं, नाव आणि लोगो वापरायची नाही. डेबियन या लिनक्स प्रोजेक्टनं फायरफॉक्समध्ये स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) घातले आणि लोगो वगळला, तर फायरफॉक्सवाली मोझिला म्हणाली मग आमचं नावही नको, आणि 2006 पासून 2016 पर्यंत डेबियनवर तोच ब्राउझर आइसव्हीझल म्हणून फिरला. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टला जे चुकलं नाही ते आपल्याला कुठलं चुकतंय.

पहिलं ठरवा, मूळ प्रोजेक्टच्या आत राहणार की बाहेर. कुबुंटू, झुबुंटू, उबुंटू माटे हे उबुंटूचे अधिकृत फ्लेवर, म्हणजे त्याच प्रोजेक्टमधले प्रकार, म्हणून त्यांना ते नाव चालतंय. उबुंटू सिनॅमन 2019 मध्ये रीमिक्स, म्हणजे बाहेरच्यांनी केलेला प्रकार, म्हणून सुरू झालं आणि 2023 मध्ये अधिकृत झालं, म्हणजे आत जायची वाट आहे, पण वेळ जातो. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचा बेस असेल तर 'फेडोरा रीमिक्स' हे वेगळं चिन्ह अशाच कामासाठी ठेवलंय, त्याचे नियम वाचून वापरा, आणि फेडोरा-लोगोज पॅकेज काढून जेनेरिक-लोगोज घाला. यातलं काहीच जमत नसेल तर सरळ स्वतःचं नाव घ्या आणि खाली बारीक अक्षरात 'अमुकवर आधारित' लिहा.

नावात गावाचं नाव नको, हे माझं ठाम मत. बेळगाव लिहिलं की एक गट, बेळगावी लिहिलं की दुसरा, आणि प्रिंटर का चालत नाही हे विचारायला आलेला माणूस 2014 च्या नामांतरावर भांडत बसतो. मराठीत आणि कन्नडमध्ये सारखंच वाचलं जाईल असं काहीतरी घ्या, समजा 'कुंदा'. निपाणीच्या पोराला पण कळतंय, बैलहोंगलच्या पण. मग ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर क्लास 9 आणि 42 (सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेवा) मध्ये शोधा, फुकट आहे, आणि फोनेटिक सर्च पण मारा, कारण स्पेलिंग वेगळं पण उच्चार सारखा असला तरी भानगड होते.

वॉलपेपर, लोगो, बूट स्प्लॅश बदला. सोपं आहे.

आता खरी डोकेदुखी, ओएस-रिलीज फाइल, म्हणजे जिच्यात सिस्टिमचं नाव लिहिलेलं असतं ती. मला पण सगळ्यात जास्त हिनंच रडवलंय. अर्धे ट्यूटोरियल सांगतात की फाइल उघडा, नाव बदला, सेव्ह करा, झालं. काही झालं नाही! डेबियन-उबुंटूत ही फाइल बेस-फाइल्स पॅकेजची असते, त्या पॅकेजचा अपडेट आला की तुमचं 'कुंदा' पुसलं जातं आणि जुनं नाव परत येतं, तेही लॅबमधल्या काही मशीनवर आलंय, काहींवर नाही, मग सर फोन करून विचारतात की वेगवेगळ्या सीड्या दिल्या काय. हातानं फाइल बदलूच नका. स्वतःचं छोटं ब्रँडिंग पॅकेज बनवा आणि त्यात डीपीकेजी-डायव्हर्ट ही कमांड वापरून मूळ फाइल बाजूला करा, मग अपडेट आला तरी तुमचीच राहते.

फाइलीत काय लिहायचं ते पण बघून लिहा. नेम आणि प्रेटी-नेम या ओळींत देवनागरी चालते, आयडीच्या ओळीत चालत नाही, तिथं रोमन लहान अक्षरं, आकडे, टिंब, डॅश आणि अंडरस्कोर, बस. अधिकृत फ्लेवर (फेडोरात स्पिन म्हणतात) असाल तर आयडी मूळचाच ठेवा आणि व्हेरियंट-आयडीत आपलं नाव घाला. बाहेरचे असाल तर आयडी आपला, पण आयडी-लाइकमध्ये मूळ बेसचं नाव विसरलात की बाहेरच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉल स्क्रिप्ट 'ही सिस्टिम ओळखत नाही' म्हणून अर्ध्यात थांबते. आणि बग-रिपोर्टची लिंक बदलाच. आपण काहीतरी मोडायचं आणि तक्रारी मूळ प्रोजेक्टच्या फुकट राबणाऱ्या पोरांकडं जायच्या, याला निर्लज्जपणा म्हणतात. नाव आपलं तर शिव्या पण आपल्यालाच.

बूट मेनूत मात्र रोमनच ठेवा, तो मेनू दाखवणाऱ्या ग्रबमध्ये देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट बसत नाहीत.

वाटायच्या आधी व्हर्च्युअल मशीनवर इन्स्टॉल करा, पूर्ण अपग्रेड मारा, रीस्टार्ट करा आणि मग बूट मेनू, लॉगिन स्क्रीन, 'अबाउट'ची खिडकी अशा तिन्ही जागी नाव तपासा. कुठं जुनं नाव दिसलं तर पेन ड्राइव्ह खानापूरला पाठवू नका, आधी पॅकेज दुरुस्त करा.