इंग्लंडला नर्स म्हणून जायचंय? आधी पासपोर्टवरचं नाव वाचा

मे महिन्यात मी इंग्लंडहून गोव्यात साखळीला घरी आले की नर्सिंग केलेल्या मुली भेटायला येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, इंग्लिश कितपत लागतं?" मी त्यांना पासपोर्ट आणायला सांगते. सोबत दहावीचं सर्टिफिकेट, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सीचं प्रमाणपत्र, गोवा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि जन्मदाखला. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडायचे आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचायचं. माझे चार महिने याच गोष्टीत गेले, म्हणून मी इथूनच सुरुवात करते.

गोव्यात ही अडचण घरोघरी आहे. आपलं एकच आडनाव रोमी लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. 'नाईक' एका कागदावर 'के'ने संपतं, जुन्या पोर्तुगीज वळणाच्या कागदावर 'क्यू-यू-ई'ने. गावाचंही तेच: आपण म्हणतो डिचोली, कागद म्हणतो बिचोलिम. त्यात लग्न. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही मागे पडतं. माझ्या डिप्लोमावर माहेरचं नाव होतं, पासपोर्टवर सासरचं. तिकडे बसून कागद तपासणाऱ्या माणसाला या दोन वेगळ्या बायका दिसतात.

त्या दोघींना जोडणारा कागद म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडचा विवाह दाखला. लग्न देवळात लागलेलं असो वा हॉलमध्ये, रजिस्ट्रारकडच्या दोन्ही सह्या (आपल्याकडे नोंदणीला दोनदा सही करावी लागते) झाल्या आहेत ना, ते बघून घ्या. एका कचेरीत माझ्या आडनावातलं एक अक्षर गळालं होतं. ते परत बसवायला तीन खेपा झाल्या. पासपोर्ट बरोबर असेल तर बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या; पासपोर्टच चुकला असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो. घाईत दोन्हीकडून दुरुस्ती सुरू केलीत तर तिसरंच नाव तयार होतं.

हे झालं की मग ऑनलाइन अर्ज. ब्रिटनमधली नोंदणी नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी करते. तुमचं रजिस्ट्रेशन खरं आहे, हे गोवा नर्सिंग कौन्सिलने एनएमसीला थेट कळवायचं असतं. तुम्ही स्कॅन करून पाठवलेली प्रत त्याच्या जागी चालत नाही. गोव्यातलं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं राहिलं असेल तर ते आधी करा. पोलिस क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याच्या दाखल्यासाठी, पणजीच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या, पण फार आधी नको, तो कागद शिळा होतो.

आता इंग्लिश. दोन परीक्षांपैकी एक द्यायची. आयईएलटीएस अकॅडमिक, म्हणजे सर्वसाधारण इंग्लिशची परीक्षा दिलीत तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं यात ७, लिहिण्यात ६.५ लागतात. ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्लिश परीक्षा दिलीत तर त्या तिन्हींत बी आणि लिहिण्यात सी प्लस. मी ओईटी घेतली आणि नर्सला मी तीच सुचवते, कारण तिच्यातला पेशंट आपल्या ओळखीचा असतो. लिहिण्यात केस नोट्स देतात आणि १८० ते २०० शब्दांत पत्र मागतात. सगळ्या नोट्स उतरवून काढायच्या नसतात. पुढच्या नर्सला किंवा डॉक्टरला जे हवं तेवढंच निवडायचं, जसं ड्यूटी बदलताना हँडओव्हर देतो तसं.

बोलण्यात मात्र आपल्या मुली अडतात, आणि याचं कारण मला वॉर्डातच सापडलं. आपण फाइल इंग्लिशमध्ये लिहितो, घरी मराठी वाचतो-बोलतो, पण पेशंटच्या उशाशी उभं राहून विचारतो, "आक्का, खंय दुखता?" रोज इंग्लिश वापरूनही त्या भाषेत आपण कधी कुणाला धीर दिलेला नसतो. परीक्षेत नेमकं तेच मागतात: घाबरलेला मुलगा, इंजेक्शन नको म्हणणारी आजी. म्हणून व्याकरणाच्या क्लासला पैसे घालण्याआधी मैत्रिणीला पेशंट करून बसवा. वॉर्डात कोकणीत जे बोलता ते दोन महिने रोज इंग्लिशमध्ये बोला, मोठ्याने.

सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा. एक भाग औषधांच्या हिशेबाचा, एक नर्सिंगचा. आपलं शिक्षण हिला पुरेसं आहे. हिशेब हाताने करायची सवय ठेवा.

पैशांचं स्पष्ट सांगते. मी नोंदणी केली तेव्हा अर्जाचे १४० पाउंड, सीबीटीचे ८३, ऑस्कीचे (तिकडे गेल्यावरची प्रात्यक्षिक परीक्षा) ७९४ आणि शेवटी रजिस्टरवर नाव चढवायचे १५३ असे होते. एकूण १,१७०. भाषेची परीक्षा वेगळी. ऑस्कीची फी बरेचदा नोकरी देणारं रुग्णालय भरतं. ऑफर लेटरमध्ये ते लिहून घ्या. म्हापशात एका एजंटने माझ्याकडे 'प्रोसेसिंग'चे दीड लाख मागितले होते. ब्रिटनच्या नियमांनुसार भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत, ते नोकरी देणाऱ्याकडून घ्यायचे असतात. पैसे मागितले की उठून या. कॉन्ट्रॅक्टमधलं आणखी एक कलम सावकाश वाचा: मुदतीआधी नोकरी सोडली तर किती परत करायचे, आणि महिने जातील तशी ती रक्कम घटते की नाही.

व्हिसावर तिकडे पोचलात तरी तुम्ही अजून नोंदणीकृत नर्स नसता, पगारही खालच्या बँडचा, म्हणजे श्रेणीचा असतो. नोकरी सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत ऑस्कीला पहिल्यांदा बसावं लागतं. दहा स्टेशनं, म्हणजे परीक्षेचे दहा टप्पे: चारांत एकाच पेशंटची तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष काम आणि मूल्यमापन, चार हातच्या कौशल्यांची, दोन लेखी.

मी पहिल्या खेपेला औषध देण्याच्या स्टेशनवर नापास झाले. मनगटावरची पट्टी बघितली, ॲलर्जीचा रकाना बघितला, औषधाची तारीख बघितली. सगळं डोळ्यांनी, मुकाट्याने. सहा वर्षं तसंच केलं होतं, आणि चाळीस पेशंटांच्या वॉर्डात प्रत्येक पायरी बोलून दाखवायला वेळ कुणाला असतो? पण परीक्षकाला माझ्या मनातलं दिसत नाही. पेशंटला त्याचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून विचारायची, कशाची ॲलर्जी आहे का ते विचारायचं, औषध कशासाठी आहे ते सांगायचं, त्याची संमती घ्यायची. दुसऱ्या खेपेला ३९७ पाउंड भरून फक्त राहिलेलं स्टेशन दिलं आणि पास झाले. आता मला ही पद्धत पटली आहे. नाव विचारल्यामुळे गोळी चुकता चुकता राहिल्याचं मी वॉर्डात दोनदा पाहिलं आहे.

सराव घरीच सुरू करा. कोपराखाली हातात काही घालायचं नाही, घड्याळ नाही, बांगड्या नाहीत. एक साधी अंगठी तेवढी चालते. न्यूज-टू हा तब्येत ढासळताना ओळखायचा तक्ता तिकडे सगळीकडे वापरतात, तो प्रिंट करून घरच्यांचे बीपी, नाडी, श्वास मोजून भरा. माझ्या सासूबाईंनी महिनाभर माझा पेशंट होऊन रोज संध्याकाळी जन्मतारीख सांगितली. शेवटी शेवटी तर मी खोलीत शिरले की त्या न विचारताच सांगायच्या, आणि मी म्हणायचे, "आई, थांबा, आधी मला विचारू दे."