ऑनलाइन तंत्रज्ञान परिषदेसाठी वक्त्यांची तयारी कशी करून घ्यावी

तंत्रज्ञान परिषदेत बोलायला येणाऱ्याला विषय शिकवावा लागत नाही. ऑनलाइन व्याख्यान फसतं ते वेगळ्याच कारणांनी: आवाज घुमतो, कोड वाचता येत नाही, नाहीतर ऐनवेळी स्क्रीनच शेअर होत नाही. ही तिन्ही दुखणी आठवडाभर आधी पकडता येतात. मात्र ‘चांगला माईक वापरा, शांत जागी बसा’ असं मोघम कळवून काही होत नाही. प्रत्येकाला आपला माईक चांगलाच वाटतो. सूचना आकड्यांत द्याव्यात आणि पाळल्या गेल्या का, ते स्वतः पाहावं.

आधी एक निर्णय घ्या: व्याख्यान थेट की रेकॉर्ड केलेलं? आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. ब्रसेल्सची फॉस्डेम ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद २०२१मध्ये ऑनलाइन झाली, तेव्हा व्याख्यानं आधी रेकॉर्ड करून घेतली होती आणि प्रश्नोत्तरं थेट झाली. यात व्याख्यान सुरू असताना वक्ता चॅटमध्ये उत्तरं द्यायला मोकळा राहतो. फाइल दोन आठवडे आधी मागा, कारण पहिल्या फाइलमध्ये काहीतरी खोट निघतेच आणि पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ लागतो. पूर्ण व्याख्यानाआधी दोन मिनिटांचा नमुना मागवलात, तर अख्खा तास वाया जाण्याची वेळ येत नाही.

आवाज

अंधुक चित्र लोक चालवून घेतात, फाटका आवाज नाही. म्हणून निम्मा वेळ इथे घालवा.

वायरचा हेडसेट किंवा यूएसबी माईक पुरतो. माईक तोंडापासून १५ ते २० सेंमीवर, जरा बाजूला हवा. अगदी समोर धरला की प, फ, ब, भ म्हणताना फुस्स असा स्फोट ऐकू येतो. ब्लूटूथ इअरबडचा माईक टाळायला सांगा. त्याचा माईक सुरू झाला की बहुतेक इअरबड कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. वक्त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण आपलाच आवाज त्याच्या कानावर येत नसतो. लॅपटॉपच्या माईकचं दुखणं निराळं: डेमोत कोड कंपाइल व्हायला लागला की पंखा जोरात फिरतो आणि माईक तोच आधी उचलतो.

रेकॉर्डिंगच्या मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा असते; आवाजाची पातळी बोलण्याच्या चढावर -१२ ते -६ डेसिबलदरम्यान असावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. हळू आवाज वाढवता तरी येतो.

चाचणी सोपी आहे. वक्त्याला अर्धा मिनिट रेकॉर्ड करायला सांगा: पहिले दहा सेकंद गप्प, मग नेहमीसारखं बोलणं. त्या दहा सेकंदांत खोलीतली घरघर उघडी पडते. शिवाय संकलनात ती कमी करायला हाच तुकडा नमुना म्हणून कामी येतो. आवाज घुमत असेल तर पडदे, पुस्तकांचं कपाट, गादी असलेली खोली निवडावी.

स्क्रीन

४के स्क्रीन जशीच्या तशी शेअर केली की बघणाऱ्याकडे अक्षरं मुंगीएवढी दिसतात. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणायला सांगा. टर्मिनलचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोचा, फाँट इतका मोठा करावा की ८० अक्षरांची ओळ आणि साधारण २४ ओळींत पूर्ण स्क्रीन भरेल. प्रॉम्प्टमध्ये (कमांडच्या आधी आपोआप येणाऱ्या मजकुरात) फोल्डरचा लांबलचक पत्ता येत असेल तर तो छाटावा, नाहीतर अर्धी ओळ तोच खातो. गडद थीमवर कोडमधल्या राखाडी कॉमेंट व्हिडिओ दाबला गेला (कॉम्प्रेस झाला) की पार पुसट होतात. म्हणून उजळ थीम बरी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवं. शंका असेल तर स्लाइड मोबाइलवर आडवी उघडून वाचून बघा. स्लाइडचा खालचा उजवा कोपरा वक्त्याच्या चेहऱ्यासाठी आणि खालची पट्टी कॅप्शनसाठी रिकामी ठेवायला सांगा, तेही स्लाइड तयार व्हायच्या आधी.

एकच विंडो शेअर केली तर तिच्यातून उघडणारे मेनू कित्येकदा बघणाऱ्याला दिसतच नाहीत. पूर्ण स्क्रीन शेअर करणं बरं, पण त्यात घरचे मेसेजही झळकतात. त्यावर उपाय म्हणजे डेमोसाठी संगणकावर वेगळं यूजर खातं काढणं. त्यात नोटिफिकेशन बंद, बुकमार्क कोरे आणि जुन्या कमांडची यादीही कोरी. तीत पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) असू शकते आणि वरच्या बाणाची कळ दाबली की ती सर्वांसमोर येते. तसं झालंच तर व्हिडिओतला तुकडा कापून भागत नाही, ती की लगेच रद्द करावी लागते.

रंगीत तालीम

व्याख्यानाच्या आठवडाभर आधी, २० मिनिटं. तोच संगणक, तीच जागा, तेच नेट, शक्यतो तीच वेळ. सकाळी छान दिसणारी खुर्ची दुपारी खिडकीच्या उजेडाविरुद्ध येऊ शकते. स्क्रीन शेअर वक्त्याने स्वतः सुरू करून बंद करून दाखवावी. मॅकवर पहिल्यांदा शेअर करताना परवानगी द्यावी लागते आणि त्यानंतर बहुधा ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. हे ऐन कार्यक्रमात झालं तर वक्ता मंचावरून गायब. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन किंवा फायरवॉल आडवी येते का, तेही इथेच कळतं. स्लाइडमध्ये व्हिडिओ असेल तर आवाज शेअर करण्याच्या पर्यायावर खूण केली आहे ना, ते बघा.

नेटचा अपलोड वेग मोजा. डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. किमान ५ एमबीपीएस हवा, आणि वाय-फायऐवजी केबल. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून ठेवावा.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असतील तर फाइल एमकेव्ही प्रकारात घ्यावी: मध्येच संगणक बंद पडला तर साधी एमपी४ उघडत नाही, एमकेव्ही तिथवरची शाबूत राहते. ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते. चित्र १०८०पी, ३० फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्झ. मोबाइलवर घेतलेल्या चित्रात फ्रेमचा वेग कमीजास्त होतो आणि संकलनात ओठ व आवाज यांचं जुळेनासं होतं.

त्या दिवशी

वक्ता अर्धा तास आधी पडद्यामागच्या खोलीत हवा. परिषदेचं प्रसारण दुसऱ्या टॅबमध्ये उघडं ठेवू देऊ नका. स्वतःचाच आवाज काही सेकंदांनी परत येतो आणि भलाभला माणूस अडखळतो. प्रसारण प्रेक्षकांपर्यंत १५ ते ३० सेकंद उशिरा पोचू शकतं, त्यामुळे ‘काही प्रश्न?’ विचारल्यावर शुकशुकाट होतो. प्रश्न व्याख्यान संपायला पाच मिनिटं उरली असतानाच मागवावेत, आणि सूत्रसंचालकाने दोन प्रश्न खिशात ठेवावेत.

वेळेची खूण चॅटमध्ये देऊ नका. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर असताना चॅट दिसत नाही. वक्त्याच्या मोबाइलवर उलटं घड्याळ लावून तो कॅमेऱ्याशेजारी टेकवावा. व्याख्यान थेट असेल, तर स्लाइडची पीडीएफ आणि डेमोचं रेकॉर्डिंग सूत्रसंचालकाकडे आधीच पोचलेलं असावं, एकमेकांचे फोन नंबरही. वक्त्याचं नेट गेलं तर दोन मिनिटं वाट बघायची, मग सूत्रसंचालक डेमो लावतो आणि वक्ता फोनवरून बोलत राहतो. हा क्रम दोघांनाही तोंडपाठ हवा.